फ्रँकांचा रौप्य देनारिउस : नाव, मोल व मुद्रालेख

इ. स. ८१३ मध्ये उत्तर फ्रान्समधील रीम्स येथे बिशपांची एक धर्मसभा भरली होती. या सभेने सम्राट शार्लमेन याच्याकडे ज्या विनंत्या केल्या, त्यांपैकी एक नाण्यांविषयी आहे. पेपिन राजाने पूर्वी घालून दिलेल्या नियमास अनुसरून, कायद्यात सांगितलेला चाळीस देनारिउसांचा सोलिदुस व्यवहारातून काढून टाकावा, कारण त्याच्यापायी पुष्कळ खोट्या शपथा व खोट्या साक्षी होत आहेत, असे तीत म्हटले आहे. धर्माचार्यांनी चलनाच्या प्रश्नात लक्ष घालावे, आणि तेही महागाई किंवा हिणकस नाण्यांमुळे नव्हे, तर लोकांकडून शपथभंगाचे पातक घडते म्हणून, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की ज्या सोलिदुसाविषयी ही तक्रार होती, ते नाणे, अगदी तुरळक सुवर्णमुद्रा वगळल्या तर, फ्रँकांच्या टांकसाळींतून त्या काळी पडतच नव्हते. व्यवहारात एकच नाणे होते, ते म्हणजे चांदीचा देनारिउस. सोलिदुस हा केवळ मोजदादीचा शब्द उरला होता; आणि त्या शब्दाचे मोल किती, याचाच झगडा न्यायसभेपर्यंत पोहोचला होता.

नाण्यांच्या अभ्यासात सामान्यतः धातू, वजन, कस व ठसा यांचा विचार प्रथम केला जातो आणि नावाचा शेवटी, किंवा मुळीच नाही. फ्रँकांच्या रौप्य नाण्याच्या बाबतीत हा क्रम अपुरा पडतो. येथे वजन बदलले तरी नाव टिकले, नाणे नाहीसे झाले तरी नाव टिकले, आणि एकच नाव दोन मोलांनी चालू राहिल्यामुळे माणसांच्या देण्याघेण्यात मोठा फरक पडला.

देनारिउस हा शब्द ‘दहा-दहा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला आहे. इ. स. पूर्व २११ च्या सुमारास रोमने हे चांदीचे नाणे काढले, तेव्हा त्याचे मोल तांब्याच्या दहा ‘अस’ नाण्यांइतके होते. पुढे ते सोळा असांचे ठरविण्यात आले, तरी नाव ‘दहाचे’ हेच राहिले. म्हणजे शब्द आणि संख्या यांची फारकत फ्रँकांच्या पूर्वी सुमारे नऊशे वर्षे झालेली होती. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात चांदीचा देनारिउस हिणकस होत होत नामशेष झाला. कॉन्स्टंटाइन सम्राटाने चौथ्या शतकात सोन्याचा सोलिदुस रूढ केला. सोलिदुस म्हणजे ‘भरीव’, ‘घट्ट’. एका रोमन पौंडातून असे ७२ सोलिदुस पाडले जात आणि प्रत्येकाचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम भरे. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे त्रेमिस्सिस.

गॉल प्रांतात राज्य स्थापन करणाऱ्या फ्रँकांनी प्रथम हेच सोने उचलले. मेरोव्हिंजियन राजांच्या काळात, म्हणजे इ. स. ७५१ पूर्वी, सोन्याचा त्रेमिस्सिस हे त्यांचे प्रमुख नाणे होते. त्यावर बहुधा राजाचे नाव नसे. एका बाजूस स्थळाचे नाव व दुसऱ्या बाजूस नाणे पाडणाऱ्या टांकसाळ्याचे नाव असे. अशी शेकडो स्थळे आणि त्याहून अधिक टांकसाळे नाण्यांवरून ज्ञात झालेले आहेत. पुढे न्वायाँचा बिशप आणि संत म्हणून मान्यता पावलेला एलिगिउस हाही मूळचा सोनार व टांकसाळ्या. त्याच्या नावाची नाणी आजही पाहावयास मिळतात. ऱ्हाइनच्या मुखाजवळील दोरेस्ताद या व्यापारी ठाण्यावर मादेलिनुस याचे नाव असलेली नाणी तर इतकी प्रसृत झाली, की त्यांच्या भ्रष्ट नकला दूरदूरपर्यंत होत राहिल्या.

सातव्या शतकात या सोन्यात चांदीचे प्रमाण वाढत गेले. नाणे पिवळ्याचे फिकट झाले आणि ६७० नंतरच्या काही वर्षांत सोन्याचे सोंग टाकून देऊन सरळ चांदीचेच नाणे पाडले जाऊ लागले. आकार जवळजवळ तोच, वजनही तेच, सुमारे १.३ ग्रॅम, धातू मात्र वेगळा. या नव्या नाण्यास जुने, दीर्घकाळ नाण्यावाचून राहिलेले नाव मिळाले : देनारिउस. ही चांदी कोठून आली, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातील या काळाच्या नाण्यांची रासायनिक व समस्थानिक तपासणी करण्यात आली. तिच्यावरून सुमारे ६६० ते ७५० या काळातील उत्तर युरोपीय नाण्यांची चांदी बायझंटाइन मूळाची असल्याचे दिसून आले. पूर्वी आलेली चांदीची भांडी व ताटे वितळवून ही नाणी झाली असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ७५० नंतर मात्र पश्चिम फ्रान्सच्या प्वातू प्रदेशातील मेल येथील खाणीची चांदी पुढे येऊ लागते. या मेलकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

फ्रँकांच्या जुन्या कायद्यात, म्हणजे सालिक कायद्यात, दंड व भरपाई यांच्या रकमा दुहेरी दिलेल्या आढळतात : इतके देनारिउस, म्हणजे इतके सोलिदुस. बाराशे देनारिउस म्हणजे तीस सोलिदुस, अशा धर्तीची ही वाक्ये आहेत. भागाकार केला तर प्रत्येक ठिकाणी एका सोलिदुसास चाळीस देनारिउस पडतात. सहाव्या शतकाच्या आरंभी, सोन्याचा सोलिदुस खरोखर हाती खेळत असताना, हे प्रमाण लिहिले गेले. आठव्या शतकात सोने गेले, पण कायदा राहिला. व्यवहारात मात्र बारा देनारिउसांस सोलिदुस म्हणण्याची रीत पडली. अशा रीतीने एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदू लागले : कायद्याच्या पोथीतला चाळीसांचा आणि बाजारातला बारांचा.

पेपिन ७५१ मध्ये राजा झाला. ७५५ च्या सुमारास व्हेर येथील आज्ञापत्रात त्याने ठरविले, की वजन केलेल्या एका पौंड चांदीतून बावीसपेक्षा अधिक सोलिदुस पाडू नयेत. त्यांतील एक टांकसाळ्याने घ्यावा व उरलेले एकवीस चांदी आणणाऱ्यास परत द्यावेत. बारांच्या हिशेबाने हे २६४ देनारिउस होतात, आणि रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा धरला, तर एका देनारिउसाचे वजन सुमारे १.२४ ग्रॅम निघते. प्रत्यक्ष नाण्यांची वजने याच्याशी बऱ्यापैकी जुळतात. या तरतुदीत आणखी एक गोष्ट दिसते. टांकसाळीत चांदी राजाने आणावयाची नसून ज्याच्याजवळ असेल त्याने आणावयाची, आणि मजुरी त्याच चांदीतून कापून घ्यावयाची, अशी व्यवस्था होती. पेपिनच्या नाण्यावर टांकसाळ्याऐवजी राजा आला : एका बाजूस ‘रेक्स पिपिनुस’ व दुसरीकडे ‘रेक्स फ्रांकोरुम’ या पदांची आद्याक्षरे. ‘रेक्स’ म्हणजे राजा, आणि दुसऱ्या पदाचा अर्थ ‘फ्रँकांचा राजा’.

शार्लमेनने राज्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांत वडिलांचीच पद्धत चालविली. त्याच्या आरंभीच्या नाण्यांवर ‘कारो’ आणि ‘लुस’ अशा दोन ओळींत नाव तोडून लिहिलेले आहे. खरा पालट ७९३–७९४ मध्ये झाला. नाणे रुंद व जड झाले आणि वजन सुमारे १.७ ग्रॅमवर गेले. एका बाजूस क्रूस व भोवती राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस राजाच्या नावाची संयुक्त मोहोर व भोवती स्थळाचे नाव आले. या वजनाने २४० नाण्यांचा पौंड सुमारे ४०८ ग्रॅमचा होतो, म्हणजे रोमन पौंडाहून पुष्कळच भारी. वजन एकदम एवढे का वाढविले, याचे एक मार्मिक उत्तर केंब्रिजचे नाणकशास्त्रज्ञ फिलिप ग्रियर्सन यांनी १९६५ मध्ये सुचविले. (भारतीय भाषांच्या सर्वेक्षणामुळे आपल्याकडे परिचित असलेले जॉर्ज ग्रियर्सन ते हे नव्हेत.) त्यांच्या मते जुना देनारिउस जवाच्या दाण्यांनी तोलला जात होता, वीस दाणे प्रत्येकी सुमारे ०.०६५ ग्रॅमचे; नवा गव्हाच्या दाण्यांनी, बत्तीस दाणे प्रत्येकी सुमारे ०.०५३ ग्रॅमचे. गुणाकार अनुक्रमे १.३ व १.७ असाच येतो. हा तर्क सर्वमान्य झालेला नाही. पण तोलाचे साधन बदलल्याने नाणे बदलते ही कल्पना, गुंजा व वाल यांवर सोने तोलणाऱ्या देशातील वाचकास परकी वाटू नये.

जून ७९४ मध्ये फ्रँकफुर्ट येथे भरलेल्या सभेच्या निर्णयांत या नव्या देनारिउसांचा उल्लेख आहे. आदल्या दोन वर्षांत दुष्काळ पडलेला होता. म्हणून सभेने प्रथम धान्याचे कमाल भाव बांधून दिले : मोदियुस या नव्या सरकारी मापाने ओट एक देनारिउस, जव दोन, राय तीन आणि गहू चार. तयार पाव घेणारास एका देनारिउसास दोन पौंड वजनाचे गव्हाचे बारा पाव मिळावेत; रायचे पंधरा, जवाचे वीस, ओटचे पंचवीस. लगेच पुढच्या कलमात म्हटले आहे, की राजाचे नाव असलेले, शुद्ध चांदीचे व पुऱ्या वजनाचे नवे देनारिउस सर्व ठिकाणी, सर्व नगरांत व बाजारांत चालले पाहिजेत. ते नाकारणारा स्वतंत्र मनुष्य असेल तर त्याने राजास पंधरा सोलिदुस दंड द्यावा. दास असेल तर त्याचा माल जाईल किंवा त्यास उघड्यावर फटके मारण्यात येतील. ही दोन कलमे एकमेकांस लागून आली यातच त्यांचा अर्थ आहे. भाव ज्या नाण्यात बांधला, ते नाणे घेण्याचे दुकानदार नाकारू लागला, तर भाव बांधण्यास अर्थ उरत नाही.

देनारिउसाचे मोल पावांत सांगता येते म्हणूनच सोलिदुसाच्या दोन अर्थांतील अंतरही मोजता येते. सालिक कायद्यानुसार स्वतंत्र फ्रँकाचा वध झाला, तर मारेकऱ्याच्या कुळाने द्यावयाची भरपाई दोनशे सोलिदुस होती. चाळीसांच्या हिशेबाने ती आठ हजार देनारिउस होते. बारांच्या हिशेबाने दोन हजार चारशे. फरक पाच हजार सहाशे देनारिउसांचा. फ्रँकफुर्टच्या भावाने ही रक्कम चौदाशे मोदियुस गव्हाची किंवा ६७,२०० गव्हाच्या पावांची होते. पोथीतला एक शब्द कसा वाचावयाचा, यावर एखादे कुळ कर्ज फेडून उभे राहणार की जमीन गमावणार, हे अवलंबून होते. साक्षीदारांस शपथ घालून ‘किती सोलिदुस कबूल झाले?’ असे विचारले, तर शब्द खरा राहूनही अर्थ खोटा ठरू शके. रीम्सच्या सभेने ज्या खोट्या शपथांचा उल्लेख केला, त्या अशाच वाटेने उपजत असल्या पाहिजेत.

राजसत्तेला हा घोळ ठाऊक होता. पण तिने तो सोडविताना आपली बाजू आधी पाहिली, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ८०३ च्या पुरवणी कायद्यात शार्लमेनने ठरविले, की राजास येणे असलेली सर्व देणी बारा देनारिउसांच्या सोलिदुसाने द्यावीत; मात्र सालिक कायद्यात लिहिलेला शांतताभंगाचा दंड यास अपवाद असून तो इतर भरपाया ज्या सोलिदुसाने दिल्या जातात त्याच सोलिदुसाने द्यावा. म्हणजे दोन्ही सोलिदुसांस कायद्याचीच मान्यता मिळाली. शार्लमेनचा पुत्र लुई याने ८१६ मध्ये अखेर सर्व भरपाया बारांच्या सोलिदुसाने व्हाव्यात असे जाहीर केले. पण त्यातही एक अपवाद राहिला : सॅक्सन किंवा फ्रिझियन मनुष्याचा सालिक फ्रँकाशी वाद होऊन त्यास फ्रँकाला रक्कम द्यावी लागली, तर तेथे सोलिदुस चाळीस देनारिउसांचाच धरावा.

हा अपवाद साधा नाही. सॅक्सन लोकांना शार्लमेनने ७७२ ते ८०४ या काळातील मोहिमांनी जिंकले होते. ७९७ मध्ये त्यांच्याकरिता काढलेल्या आज्ञापत्रात, चांदीत बारा देनारिउसांचा एक सोलिदुस होतो असे त्यांना सांगण्यात आले होते. ज्यांच्याजवळ चांदी नसे त्यांच्यासाठी तेथे शरदातला एक वर्षाचा गोऱ्हा किंवा कालवड म्हणजे एक सोलिदुस, असे मोल लावलेले आहे. ओटचे माप तर सॅक्सनांच्या एका गटास तीस व दुसऱ्यास चाळीस असे वेगवेगळे होते. एकोणीस वर्षांनी त्याच सॅक्सनास, समोर फ्रँक उभा असला तर, तोच शब्द तिपटीहून अधिक चांदीने भरावा लागणार होता. जेते व जित यांच्यामधील अंतर येथे वेगळ्या दंडाने नव्हे, तर एका शब्दाच्या अर्थाने राखले गेले आहे. समाजातील विषमता भाषेत कशी साठून राहते याची उदाहरणे पुष्कळ देतात, पण इतके अचूक, आकड्यांत मोजता येणारे उदाहरण क्वचितच सापडते.

आता नाण्यांवरील लेखांकडे वळावयास हरकत नाही. मेरोव्हिंजियन मुद्रालेख हे बोलभाषेच्या अभ्यासाचे एक मोठे, आणि अजून पुरते न उपसलेले, साधन आहे. पॅरिसच्या नाण्यांवर ‘पारिसियुस फित’, ‘पॅरिस येथे (हे) होते’, असे लिहिलेले आढळते. पारिसियुस हे रूप अभिजात लॅटिनच्या कोणत्याही विभक्तीत नीट बसत नाही. ते स्थलवाचक विभक्तीचे गोठून अव्यय झालेले रूप आहे. विभक्तिप्रत्यय झिजत चालल्याची खूण चांदीवर कोरलेली आपणांस मिळते. हस्तलिखितांत नंतरचे लेखनिक चुका सुधारतात. नाण्याची चूक ज्या दिवशी पडली त्याच दिवसाची राहते.

मेलच्या खाणीचे नाव या दृष्टीने विशेष बोलके आहे. लॅटिनमध्ये ‘मेताल्लुम’ म्हणजे खाण, व खाणीतून निघणारा धातू. मूळ शब्द ग्रीक. शार्लमेनच्या ७९४ पूर्वीच्या नाण्यांवर हे नाव ‘मेदोलुस’ असे आढळते. दोन स्वरांमधील ‘त’ येथे ‘द’ झालेला आहे. पश्चिमेकडील रोमान्स भाषांचा हा सर्वपरिचित ध्वनिनियम होय : लॅटिन ‘वीता’ (जीवन) याचे स्पॅनिश ‘विदा’ होते, आणि फ्रेंचमध्ये पुढची पायरी गाठून व्यंजनच लोपते. मराठीच्या अभ्यासकास येथे शौरसेनी ‘गद’ व महाराष्ट्री ‘गअ’ यांची आठवण होईल. संस्कृत ‘गत’ याच्या वाट्यास आले तेच, त्याच क्रमाने, गॉलमधील ‘त’च्या वाट्यास आले. आजच्या ‘मेल’ या नावात तो ‘त’ही नाही व ‘द’ही नाही.

मात्र ७९४ नंतरच्या जड नाण्यांवर हेच नाव ‘मेतुल्लो’ असे लिहिलेले आहे, आणि लुईच्या नाण्यांवर चक्क ‘मेताल्लुम’. दोरेस्तादचेही असेच : शार्लमेनच्या काळी ‘दोरेस्तादो’, लुईच्या काळी सुसंस्कृत ‘दोरेस्तातुस’. या एका पिढीत लोकांचे उच्चार मागे फिरले असे कोणीही म्हणणार नाही. फिरले ते लेखन. ७८९ मध्ये शार्लमेनने शुद्ध ग्रंथ व शुद्ध लेखन यांचा आग्रह धरणारे मोठे आज्ञापत्र काढले होते आणि अल्क्विनासारखे पंडित त्याच्या दरबारी होते. वजन शुद्ध करणाऱ्या राजवटीने नाण्यावरचे लॅटिनही शुद्ध करून घेतले, असे मानण्यास येथे जागा आहे. या शुद्धीकरणाचा परिणाम ज्या वर्षी रीम्सची सभा भरली त्याच वर्षी, ८१३ मध्ये, तूर येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मसभेत दिसतो. प्रवचने सर्वांस समजावीत म्हणून ती ‘ग्रामीण रोमन’ भाषेत किंवा जर्मन भाषेत करून सांगावीत, असे तिने ठरविले. लिहिलेले लॅटिन व बोललेली भाषा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, याची ही पहिली अधिकृत कबुली समजली जाते.

राजाचे नावही एकाच नाण्यावर दोन रूपांत येते. भोवतालच्या लेखात ‘कार्लुस’, ‘सी’ या लॅटिन अक्षराने आरंभ होणारे व दोनच अवयवांचे, म्हणजे जर्मन ‘कार्ल’ याच्या उच्चाराशी जवळचे. संयुक्त मोहोरेत मात्र पुरे ‘कारोलुस’, आणि तेही ‘के’ या अक्षराने. या मोहोरेची रचना सुबक आहे : क, र, ल, स ही चार व्यंजने क्रूसाच्या चार टोकांस आणि मध्यावरच्या चौकोनात आ, ओ, उ हे तिन्ही स्वर एकत्र गुंफलेले. आइनहार्ट या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे, की शार्लमेनने उतारवयात अक्षरे गिरविण्याचा प्रयत्न केला, पण आरंभ उशिरा झाल्याने त्यास फारसे यश आले नाही. दस्तऐवजांवरील मोहोरेत तो केवळ एखादी रेघ ओढून आपली संमती देई, असे समजले जाते. लिहिता न येणाऱ्या राजाचे नाव त्याच्या राज्यातील सर्वाधिक प्रती असलेल्या लेखनात, म्हणजे नाण्यांवर, हजारो हातांतून फिरत होते.

कारकीर्दीच्या अखेरीस, बहुधा ८१२ नंतर, रोमन सम्राटांच्या धर्तीवर मुकुटधारी मुखवट्याची नाणी निघाली. ती आज अल्पच उपलब्ध आहेत. त्यांच्या मागील बाजूस देवळाची आकृती असून ‘क्रिस्तियाना रेलिगियो’, म्हणजे ख्रिस्ती धर्म, असा लेख आहे. त्यातील ‘ख्रिस्त’ हा भाग ग्रीक अक्षरांनी लिहिलेला आहे आणि उरलेला लॅटिन. पवित्र नामापुरते ग्रीक वळण राखण्याची ही लेखनिकांची जुनी सवय. लुईने ८२२–८२३ च्या सुमारास हाच देवळाचा छाप साऱ्या साम्राज्यात चालविला व स्थळाचे नाव काढून टाकले. त्यामुळे अमुक नाणे कोणत्या टांकसाळीचे, हे ठरविताना आज ठशाच्या बारीकसारीक वळणांवर विसंबावे लागते. राज्य एकवटल्याचा तो अभिमान अभ्यासकांस महाग पडला आहे.

स्थळनाम परत आणले ते शार्लमेनचा नातू टकला चार्ल्स याने. ८६४ च्या पीत्र येथील आज्ञापत्रात नाण्याचे वर्णनच दिलेले आहे : एका बाजूस भोवती राजाचे नाव व मध्ये त्याची मोहोर, दुसऱ्या बाजूस नगराचे नाव व मध्ये क्रूस. टांकसाळी राजवाड्याखेरीज मोजक्याच ठेवाव्यात असा हुकूम होता व त्यांची नावे दिलेली होती. नाणी मात्र शंभराहून अधिक स्थळांची सापडतात.

पौंड, सोलिदुस व देनारिउस यांचे वीस आणि बारा हे प्रमाण यानंतर शतकानुशतके टिकले. फ्रान्समध्ये ‘लिव्र, सू, देनिए’ आणि इटलीत ‘लिरा, सोल्दो, देनारो’ ही त्यांची नावे झाली. इंग्लंडने शब्द आपले ठेवले, पण पेन्सची खूण म्हणून देनारिउसाचे आद्याक्षर १९७१ पर्यंत लिहिले. ब्रिटिश अमलात आपल्याकडील शाळांत पौंड-शिलिंग-पेन्सची उदाहरणे सोडविणाऱ्यांनी शार्लमेनची गणिते केली असे म्हणता येईल. गोव्यात ऐकू येणारा पोर्तुगीज ‘दिन्येइरु’ व स्पॅनिश ‘दिनेरो’ हे याच शब्दाचे वंशज असून त्यांचा अर्थ आता नुसता ‘पैसा’ एवढाच आहे. पूर्वेकडे मात्र या शब्दाने वेगळी वाट धरली. गुप्तकालीन शिलालेखांतील ‘दीनार’ सोन्याचा आहे, अमरकोशातही दीनार निष्काच्या जोडीने येतो, आणि अरबांचा सातव्या शतकाच्या अखेरचा दीनारही सोन्याचाच. फ्रँकांच्या देशात हा शब्द चांदीच्या लहानशा तुकड्यावर स्थिरावला त्यापूर्वी निदान दोन शतके भारतात तो सुवर्णमुद्रेचे नाव होऊन बसलेला होता.

मेल येथील टांकसाळीची गोष्ट सांगावयाची राहिली. तेथील खाणकाम दहाव्या शतकाच्या सुमारास बंद पडले आणि प्वातूवर राजाऐवजी स्थानिक सरदारांचा अंमल आला. नाणी पडतच राहिली. त्यांवर चार्ल्सचे नाव बाराव्या शतकापर्यंत तसेच कोरले जात होते, आणि दुसऱ्या बाजूस खाणीचे नाव असे : ‘मेतालो’.